झारच्या गॅरेजपासून बिनमाणसाच्या रणगाड्यापर्यंत

रणांगणावर माणसाऐवजी यंत्र पाठवावे, ही कल्पना आपल्याला संगणकाच्या युगाची वाटते. चालकाविना वाट काढणारी वाहने, दूरच्या खंदकात बसून हाकलली जाणारी यंत्रे आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांच्या बातम्या रोज वाचायला मिळत असल्याने तसे वाटणे स्वाभाविकही आहे. प्रत्यक्षात मात्र या कल्पनेचे वय शंभर वर्षांहून अधिक आहे आणि तिच्या इतिहासात एका फ्रेंच अभियंत्याचे नाव मोठ्या विचित्र रीतीने गुंतलेले आहे. आदोल्फ केग्रेस हे ते नाव. मोटारींच्या इतिहासात रस असणाऱ्यांना ते बर्फावर आणि वाळूत चालणाऱ्या पट्ट्याच्या गाडीचे जनक म्हणून ठाऊक असतात. पण त्यांच्या आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यावरचे एक छोटे यंत्र शत्रूच्या हाती पडले आणि त्यातून दुसऱ्या महायुद्धातील सर्वाधिक संख्येने बनलेल्या चालकविरहित लष्करी वाहनांपैकी एक जन्माला आले, ही हकीकत तुलनेने कमी सांगितली जाते.

केग्रेस यांच्या साऱ्या कारकिर्दीला एक योगायोग चिकटलेला दिसतो. त्यांनी जे जे घडवले ते ज्याच्यासाठी घडवले त्याच्याकडे फार काळ राहिले नाही.

एरिकूर ते सेंट पीटर्सबर्ग

केग्रेस यांचा जन्म २० जून १८७९ रोजी पूर्व फ्रान्समधील एरिकूर या गावी झाला. स्वित्झर्लंडच्या सीमेजवळचा हा प्रदेश कापडगिरण्या, घड्याळे आणि यंत्रकामासाठी प्रसिद्ध होता. जवळच्या माँबेलियार येथे तंत्रशिक्षण घेऊन हा तरुण विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात नशीब काढण्यासाठी रशियात गेला. तेव्हाच्या रशियाला परदेशी तंत्रज्ञांची गरज होती आणि फ्रान्सशी त्याची मैत्रीही होती. सेंट पीटर्सबर्गमध्ये काम करताना केग्रेस यांचे कौशल्य दरबारापर्यंत पोहोचले आणि ते झार निकोलस दुसरा याच्या मोटारखान्याचे तांत्रिक प्रमुख झाले.

हे पद मानाचे होते, तसेच कसोटीचेही. झारच्या ताफ्यात त्या काळातील उत्तमोत्तम मोटारी होत्या. पण रशियाचा हिवाळा या श्रीमंतीला जुमानत नसे. बर्फ पडू लागले की चाके रुतत आणि युरोपातील सर्वांत सामर्थ्यवान सम्राटांपैकी एक असलेल्या झारला पुन्हा घोड्यांच्या घसरगाडीचा आधार घ्यावा लागे. शेतीच्या ट्रॅक्टरसाठी लोखंडी कड्यांचे पट्टे तोवर वापरात येऊ लागले होते, परंतु ते जड, संथ आणि कर्णकर्कश असत. राजाच्या मोटारीला ते शोभणारे नव्हते आणि परवडणारेही नव्हते, कारण त्या वजनाने गाडीचा वेगच संपला असता.

केग्रेस यांनी काढलेला मार्ग साधा होता. मोटारीची मागची चाके काढून त्या जागी लहान चाकांची एक चौकट बसवायची आणि तिच्याभोवती लोखंडाऐवजी लवचिक, अखंड पट्टा फिरवायचा. सुरुवातीला हा पट्टा चामड्याचा होता. पुढे रबर आणि जाड कापड यांचा वापर होऊ लागला. पुढची चाके दिशा देण्यासाठी तशीच राहत आणि गरजेप्रमाणे त्यांना घसरपट्ट्या जोडता येत. गाडीचे वजन मोठ्या पृष्ठभागावर विभागले गेल्याने ती बर्फात रुतत नसे. पट्टा हलका असल्याने वेग टिकत असे आणि आवाजही कमी होई. पुढे जगभर ‘हाफ-ट्रॅक’ म्हणून ओळखल्या गेलेल्या वाहनाची ही सुरुवात होती.

पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर या शोधाकडे रशियन सैन्याचे लक्ष गेले. पुतिलोव कारखान्यात ऑस्टिन चिलखती मोटारींना केग्रेस पट्टे बसवण्याचे प्रयोग झाले. प्रवासासाठी केलेला शोध युद्धाच्या कामी येण्याची ही पहिली वेळ.

क्रांती आणि परतीची वाट

१९१७ च्या क्रांतीने झारचे सिंहासन उलथले आणि त्याच्याबरोबर मोटारखान्याचा हा प्रमुखही निराधार झाला. केग्रेस फिनलंडमार्गे बाहेर पडून फ्रान्सला परतले. रशियात उभे केलेले जवळजवळ सारे मागेच राहिले.

मागे राहिलेल्या वस्तू मात्र वाया गेल्या नाहीत. पुतिलोव कारखान्याने १९१९-२० मध्ये केग्रेस पट्ट्यांच्या चिलखती मोटारी लाल सेनेसाठी बांधल्या आणि त्या यादवी युद्धात लढल्या. झारसाठी सिद्ध झालेले तंत्र झारच्या समर्थकांवर चालून गेले. लेनिन यांच्या वापरातील रोल्स-रॉइस मोटारीलाही हेच पट्टे बसवलेले होते. मॉस्कोजवळच्या गोर्की लेनिन्स्किये येथील संग्रहालयात ही गाडी जपून ठेवलेली आहे.

फ्रान्समध्ये जाक हिन्स्टिन या उद्योजकाच्या मध्यस्थीने केग्रेस यांची गाठ आंद्रे सित्रोएन यांच्याशी पडली. सित्रोएन हे कल्पक कारखानदार होते आणि प्रसिद्धीचे मोल त्यांना पुरेपूर ठाऊक होते. बर्फासाठी जन्मलेला पट्टा वाळूतही चालेल, हे त्यांनी हेरले.

१७ डिसेंबर १९२२ रोजी जॉर्ज-मारी हार्ट आणि लुई ओदुआँ-द्युब्रॉय यांच्या नेतृत्वाखाली पाच सित्रोएन-केग्रेस गाड्या अल्जिरियातील तुगुर्तहून निघाल्या आणि ७ जानेवारी १९२३ रोजी टिंबक्टूला पोहोचल्या. मोटारीने सहारा ओलांडण्याचा हा पहिला यशस्वी प्रवास मानला जातो. अग्रभागी असलेल्या गाडीचे नाव ‘सोनेरी भुंगेरा’ अशा अर्थाचे होते. पाठोपाठ १९२४-२५ मध्ये आठ गाड्यांची मोहीम अल्जिरियापासून मादागास्करपर्यंत आफ्रिका खंड पार करून गेली.

१९३१ मधील तिसऱ्या मोहिमेचा आपल्याशी थेट संबंध आहे. बैरुतहून पेकिंगकडे निघालेल्या या तुकडीला मध्य आशियाचा सरळ मार्ग राजकीय कारणांनी मिळाला नाही. त्यामुळे ती अफगाणिस्तानातून हिंदुस्थानात उतरली आणि श्रीनगरहून हिमालयात शिरली. महाराजा हरिसिंग यांच्या संस्थानातील श्रीनगर-गिलगिट वाट खेचरांसाठी होती, मोटारीसाठी नव्हे. जुलै १९३१ मध्ये निघालेल्या गाड्यांना चार हजार मीटरहून उंच बुर्झिल खिंड ओलांडायची होती. जेथे कडा कोसळलेला होता तेथे गाड्यांचे भाग सुटे करून हमालांच्या पाठीवरून नेले गेले आणि पलीकडे पुन्हा जोडले गेले. दोन गाड्या ऑगस्टच्या आरंभी गिलगिटला पोहोचल्या, पण त्यापुढे त्यांना सोडून माणसांना तट्टांवरून जावे लागले. चीनकडून निघालेल्या दुसऱ्या तुकडीची गाठ पडल्यावर मोहीम १२ फेब्रुवारी १९३२ रोजी पेकिंगला पोहोचली. नेते हार्ट मात्र मायदेशी परतले नाहीत. त्याच वर्षी मार्चमध्ये हाँगकाँगला न्यूमोनियाने त्यांचा मृत्यू झाला.

या मोहिमांची छायाचित्रे आणि चित्रपट युरोपभर गाजले. यशाचे श्रेय सित्रोएन यांना आणि शौर्याचे श्रेय हार्ट यांना मिळाले. कार्यशाळेत बसून पट्ट्याचे रबर, चाकांची ठेवण आणि घर्षणाचे गणित सुधारत राहिलेले केग्रेस पडद्याआडच राहिले.

सैन्यांची नजर

जे वाहन सहारा ओलांडू शकते ते तोफही ओढू शकते, हे सेनाधिकाऱ्यांना सांगावे लागले नाही. फ्रान्स आणि पोलंडच्या सैन्यांनी केग्रेस पट्ट्यांची वाहने घेतली. अमेरिकन सैन्याने १९३० च्या दशकाच्या आरंभी सित्रोएन-केग्रेस गाडी तपासून पाहिली आणि तिच्या आधारे आपले हाफ-ट्रॅक विकसित केले. त्याच परंपरेतील एम-२ आणि एम-३ या गटाची चाळीस हजारांहून अधिक वाहने दुसऱ्या महायुद्धात तयार झाली. त्यांच्या मागच्या बाजूचा पोलादी तारा गुंफलेला रबरी पट्टा हा केग्रेस यांच्या कल्पनेचाच वंशज होता.

याच दशकात सित्रोएन यांची कंपनी कर्जात बुडाली. १९३४ च्या अखेरीस ती दिवाळखोरीत गेली, मिशेलँ कंपनीच्या ताब्यात आली आणि १९३५ मध्ये आंद्रे सित्रोएन यांचे निधन झाले. केग्रेस यांनी तोवर स्वतंत्रपणे काम सुरू केले होते. दोन क्लच असलेल्या गिअरबॉक्सची कल्पना त्यांनी याच काळात मांडली. एक गिअर चालू असतानाच पुढचा तयार ठेवायचा, म्हणजे शक्तीचा प्रवाह न तोडता गिअर बदलता येतो, हे त्यामागचे तत्त्व. पैसा आणि सुटे भाग यांच्या अभावी ते कारखान्यापर्यंत पोहोचले नाही. मोठ्या उत्पादनातील मोटारीत असा गिअरबॉक्स आला तो २००३ मध्ये, फोक्सवागेनच्या रूपाने. आज आपल्या रस्त्यांवर अशा अनेक गाड्या धावतात. त्या चालवणाऱ्या फार थोड्यांना केग्रेस हे नाव माहीत असेल.

नदीत बुडवलेले यंत्र

चालकाविना स्फोटके वाहून नेणाऱ्या गाडीची कल्पना फ्रान्सला नवी नव्हती. पहिल्या महायुद्धात काटेरी तारांची कुंपणे आणि खंदक यांनी पायदळाचे प्रचंड बळी घेतले. तारा तोडण्यासाठी पुढे जाणारा सैनिक बहुधा परत येत नसे. म्हणून १९१५ मध्येच फ्रान्समध्ये वीज वाहून नेणाऱ्या केबलने चालणारे ‘जमिनीवरचे पाणतीर’ बनवून पाहिले गेले होते. त्याआधी स्पेनच्या लिओनार्दो तोरेस केवेदो यांनी रेडिओलहरींनी यंत्र हाकण्याचे प्रात्यक्षिक दाखवले होते. सोव्हिएत संघाने तर रेडिओने चालणारे रणगाडे १९३९-४० च्या फिनलंडविरुद्धच्या युद्धात उतरवले.

या पार्श्वभूमीवर केग्रेस यांनी १९४० च्या सुमारास एक लहान, पट्ट्यांवर चालणारी, दुरून हाकता येणारी गाडी तयार केली. आत माणूस बसणार नव्हता, त्यामुळे ती खुजी ठेवता येत होती. तिच्यात स्फोटके भरायची, शत्रूच्या ठाण्यापर्यंत न्यायची आणि तेथेच उडवून द्यायची, असा बेत होता. ज्यांच्या देशाने मागच्या युद्धात एक पिढी गमावली होती, त्यांच्या दृष्टीने त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. जेथे जाणारा मरणारच, तेथे माणूस पाठवायचा नाही.

परंतु मे १९४० मध्ये जर्मन आक्रमण सुरू झाले आणि सहा आठवड्यांत फ्रान्स कोसळला. १४ जून रोजी जर्मन सैन्य पॅरिसमध्ये शिरले. केग्रेस यांचे यंत्र शत्रूच्या हाती पडू नये म्हणून ते पॅरिसजवळ सेन नदीत बुडवण्यात आले. नदीने ते लपवले नाही. युद्धेतिहासातील नोंदींनुसार १९४० च्या अखेरीस जर्मनांनी ते बाहेर काढले, तपासले आणि ब्रेमेन येथील बोर्गवार्ड कंपनीला किमान ५० किलो स्फोटके वाहून नेणारे तसेच वाहन बनवण्याचा आदेश दिला.

गोलियथ

त्यातून जे तयार झाले त्याला ‘गोलियथ’ असे नाव पडले. बायबलातील महाकाय योद्ध्याचे नाव लाभलेले हे वाहन जेमतेम दीड मीटर लांब आणि माणसाच्या गुडघ्याहून थोडे उंच होते. १९४२ मध्ये आलेल्या पहिल्या प्रकारात दोन विजेच्या मोटारी होत्या आणि ६० किलो स्फोटके मावत. मागच्या बाजूला गुंडाळलेली सुमारे ६५० मीटर लांबीची केबल पुढे जाताना उलगडत जाई. तिच्यातील दोन तारा वाहन हाकण्यासाठी आणि तिसरी स्फोटासाठी होती. दुसऱ्या टोकाला सुरक्षित जागी बसलेला सैनिक हातातील पेटीवरून यंत्र वळवीत असे.

एकदाच वापरायच्या या यंत्राला सुमारे ३,००० राइशमार्क खर्च येई. म्हणून पुढे दुचाकीच्या धर्तीचे पेट्रोल इंजिन बसवून स्वस्त आवृत्ती काढण्यात आली आणि स्फोटकांचे वजन वाढवण्यात आले. सर्व प्रकार मिळून ७,५०० हून अधिक गोलियथ बनले.

संख्येच्या मानाने यश तुटपुंजे होते. वेग ताशी दहा किलोमीटरच्या आसपास, पोट जमिनीच्या अगदी जवळ आणि चिलखत पातळ. दगडविटांचा ढीगही त्याला अडवू शके. सर्वांत मोठा कच्चा दुवा होता तो केबलचा. ती तुटली की साठ किलो स्फोटकांसह यंत्र जागीच खिळून राही. दोस्त राष्ट्रांच्या सैनिकांनी त्याला ‘भुंगेरा’ म्हणायला सुरुवात केली. सहारा ओलांडणाऱ्या गाडीच्या नावाशी जुळणारे हे नाव त्यांनी नकळतच निवडले होते.

केग्रेस यांनी हे पुढचे पर्व पाहिले नाही. जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये, पॅरिसजवळच्या क्रुआसी-स्युर-सेन येथे, १९४३ मध्ये त्यांचे निधन झाले. ज्या नदीत त्यांचे यंत्र बुडवले गेले तिच्याच काठचे हे गाव.

त्यानंतरच्या वर्षी त्यांच्या कामाचे दोन वारसे एकाच वेळी युद्धात होते. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर गोलियथ तैनात होते. मात्र तोफांच्या भडिमारात केबली तुटल्याने बहुतेक निकामी ठरले. त्याच किनाऱ्यावर दोस्तांचे हाफ-ट्रॅक केग्रेस पद्धतीच्या पट्ट्यांवर उतरले. ऑगस्टमध्ये वॉर्सातील नागरिक आणि भूमिगत सैनिक जर्मनांविरुद्ध उठले, तेव्हा त्यांचे अडथळे आणि इमारती उडवण्यासाठी गोलियथ वापरण्यात आले. बंडखोर जिवावर उदार होऊन पुढे सरकत आणि केबल तोडण्याचा प्रयत्न करीत. माणसाचा जीव वाचवण्यासाठी कल्पिलेले यंत्र थांबवण्यासाठी तेथे माणसांना जीव धोक्यात घालावा लागत होता. आणि त्याच महिन्यात, २४ ऑगस्टच्या रात्री, जनरल लक्लेर यांच्या फ्रेंच चिलखती डिव्हिजनची पहिली तुकडी पॅरिसमध्ये शिरली, ती अमेरिकन हाफ-ट्रॅकमध्ये बसून. वॉर्सात जुलमी सत्तेच्या हाती असलेली कल्पना पॅरिसमध्ये मुक्तीच्या वाहनाखाली फिरत होती.

केबल, रेडिओ आणि संगणक

काटेकोरपणे पाहिले तर केग्रेस यांचे यंत्र किंवा गोलियथ स्वयंचलित नव्हते. डोळे आणि निर्णय माणसाचे, फक्त शरीर यंत्राचे, अशी ती विभागणी होती. वाहनाने स्वतःच रस्ता ओळखावा, हा पुढचा टप्पा फार उशिरा आला. अमेरिकी काँग्रेसने शतकाच्या आरंभी कायद्याद्वारे लक्ष्य ठेवले की २०१५ पर्यंत लष्कराच्या लढाऊ भूवाहनांपैकी एक तृतीयांश मानवविरहित असावीत. त्यासाठी ‘डार्पा’ या संरक्षण संशोधन संस्थेने स्पर्धा भरवली. मार्च २००४ मध्ये मोहावे वाळवंटातील पहिल्या शर्यतीत एकही वाहन अंतिम रेषेपर्यंत गेले नाही. सर्वांत पुढे गेलेलेही १२ किलोमीटरच्या आतच अडकले. दीड वर्षाने, ऑक्टोबर २००५ मध्ये, स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ‘स्टॅनली’ने २०० किलोमीटरहून अधिक अंतर सात तासांच्या आत, कोणत्याही चालकाविना पार केले. आजच्या चालकविरहित नागरी मोटारींच्या उद्योगाला त्या शर्यतीतूनच मोठी चालना मिळाली. २०१५ चे लष्करी लक्ष्य मात्र गाठले गेले नाही. समुद्र आणि आकाश यांच्या तुलनेत जमीन हे यंत्रासाठी कितीतरी अवघड क्षेत्र आहे. खड्डा, चिखल, झुडूप आणि सावली यांतील फरक ओळखणे माणसाला सोपे जाते, यंत्राला नाही.

युक्रेनमधील युद्धाने या विषयाला पुन्हा तातडी आणली. जखमींना आणणे, दारूगोळा पोहोचवणे, सुरुंग पेरणे अशा कामांसाठी तेथे छोटी भूवाहने वापरली जाऊ लागली. डिसेंबर २०२४ मध्ये खार्किव भागात केवळ मानवविरहित यंत्रांच्या साह्याने हल्ला केल्याचे युक्रेनच्या सैन्याने जाहीर केले. लक्षणीय गोष्ट म्हणजे त्या युद्धात केबलही परत आली आहे. रेडिओसंदेश विस्कळीत करता येतात, म्हणून दोन्ही बाजूंनी ऑप्टिकल फायबरच्या तंतूने जोडलेली ड्रोन वापरली. गोलियथच्या अपयशाचे कारण ठरलेली तार आठ दशकांनी उपयोगी ठरली.

पुण्यातील वेगळा अध्याय

या वंशवेलीची एक शाखा महाराष्ट्रातही आहे. पुण्याजवळ दिघी येथील ‘डीआरडीओ’च्या संशोधन व विकास आस्थापनेने (अभियंते) ‘दक्ष’ हे दुरून हाकता येणारे वाहन विकसित केले आणि २०११ मध्ये त्याची पहिली तुकडी भारतीय लष्कराकडे गेली. जिने चढणारे, यांत्रिक हाताने संशयास्पद वस्तू उचलणारे हे यंत्र बॉम्ब निकामी करण्यासाठी आहे. गोलियथ स्फोटके माणसांपर्यंत नेत असे. ‘दक्ष’ ती माणसांपासून दूर नेतो. दोहोंमागचा मूळ विचार तोच आहे, की जेथे मरण आहे तेथे यंत्राने जावे.

यंत्राने स्वतः वाट शोधणे आणि स्वतः लक्ष्य ठरवणे या दोन गोष्टींतील अंतर झपाट्याने कमी होत आहे. माणसाच्या आज्ञेविना मारणाऱ्या शस्त्रांवर बंधने असावीत का, यावर संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली जिनिव्हात गेले दशकभर चर्चा सुरू आहे. शोध कोणासाठी केला, यावरून तो कोणाकडे जाईल हे ठरत नाही, याचे केग्रेस यांच्या आयुष्याइतके ठळक उदाहरण त्या चर्चेतील प्रतिनिधींना क्वचितच सापडेल. झारची गाडी लेनिन यांना मिळाली, फ्रान्सच्या बचावासाठी केलेले यंत्र ब्रेमेनच्या कारखान्यात गेले आणि ते परत घेण्याचा अधिकार त्याच्या जनकाकडे कधीच नव्हता.